शिकवणं मोजायचं, तर कोणता प्रश्न कोणाला विचारायचा?

सिंधुदुर्गातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या समन्वयक मॅडमनी विचारलं आहे : "दर सत्राच्या शेवटी आम्ही विद्यार्थ्यांकडून गूगल फॉर्म भरून घेतो. दहा प्रश्न, प्रत्येकाला पाचपैकी गुण आणि शेवटी प्रत्येक प्राध्यापकाची एक सरासरी. यंदा संस्थेचं म्हणणं आहे की तासिका तत्त्वावरच्या (तासागणिक मानधनावर नेमलेल्या) ज्या शिक्षकांची सरासरी ३.५ च्या खाली असेल त्यांना पुढच्या वर्षी घेऊ नये. आमच्याकडे वाणिज्य शाखेतल्या एका सरांना ४.६ मिळाले. ते सगळा पोर्शन नोट्स उतरवून देऊन पूर्ण करतात. वनस्पतिशास्त्राच्या तासिका तत्त्वावरच्या एका मॅडमना ३.४ मिळाले. त्यांच्या टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) वर्गात नऊ मुलं आहेत. त्या मुलांना खाडीवर घेऊन जातात, तासाला सतत प्रश्न विचारतात. हे आकडे खरे धरायचे का? नसतील, तर शिकवणं मोजायचं कसं?"

मॅडम, आधी संस्थेच्या प्रस्तावाबद्दल. तो या स्वरूपात मंजूर होऊ देऊ नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत मी पदार्थविज्ञान शिकवलं, पुढे तुमच्यासारखंच गुणवत्ता कक्षाचं काम सांभाळलं आणि शैक्षणिक लेखापरीक्षणासाठी कोकणातल्या बऱ्याच महाविद्यालयांचे फीडबॅकचे गठ्ठे वाचले. फीडबॅकच्या एका सरासरीवर कोणाची नोकरी ठेवावी किंवा काढावी, इतकं बळ त्या आकड्यात मला कधीच दिसलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. शिकवण्याबद्दलचा प्रत्येक प्रश्न, ज्याला त्याचं उत्तर ठाऊक असू शकतं त्यालाच विचारावा. वर्गात रोज काय घडतं ते मुलांना ठाऊक असतं. शिकवलेला मजकूर बरोबर आहे का, पुरेसा खोल आहे का, हे त्या विषयातला दुसरा जाणकार सांगू शकतो. मुलं किती शिकली, हे तर कोणाच्याच मतावरून कळत नाही, ते तपासूनच पाहावं लागतं. तुमचा फॉर्म हे तिन्ही प्रश्न एकट्या मुलांना विचारतो आणि आलेल्या सगळ्याची एक सरासरी काढतो. त्यामुळे ३.४ हा आकडा नेमका कशाचा, हे कोणीच सांगू शकत नाही.

आता त्या नऊ मुलांचा हिशेब करून बघा. वर्गात नऊच मुलं असतील तर एका मुलाने सगळ्या प्रश्नांना ३ ऐवजी ४ दिले की सरासरी ०.११ ने वाढते. म्हणजे ३.४ चे ३.५१ होतात आणि मॅडम रेषेच्या वर जातात. एक मूल, एक पायरी. प्रॅक्टिकलचं जर्नल परत लिहायला लावलं म्हणून एखाद्या मुलीने रागात सगळीकडे ५ ऐवजी १ टिक केलं असेल, तर सरासरी जवळजवळ अर्ध्या गुणाने खाली येते. वाणिज्यच्या सव्वाशे मुलांच्या वर्गात असल्या एका रागाचा पत्ताही लागत नाही. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात एकाखाली एक छापले की ते सारख्याच वजनाचे वाटतात, तसे ते नसतात. पंधरापेक्षा कमी मुलांच्या वर्गाचा निकाल एका सत्रापुरता वेगळा काढूच नये, दोन-तीन वर्षांचा एकत्र करून पाहावा, असा नियम मी सुचवेन. पंधरा या संख्येत काही जादू नाही. त्याखाली आकडे फार हलतात असा माझा अनुभव आहे.

लहान वर्गाचा दुसरा प्रश्न निनावीपणाचा. नऊ मुलांत कोणी काय लिहिलं ते शिक्षकाला दोन ओळींत ओळखता येतं, आणि हे मुलांनाही माहीत असतं. त्यात अंतर्गत गुण त्याच शिक्षकाच्या हातात. गूगल फॉर्मात ईमेल नोंदवण्याची सोय चालू राहिली असेल तर ती आधी बंद करा. बऱ्याच ठिकाणी ती चालू असते आणि फॉर्म निनावी आहे असं मुलांना सांगितलेलं असतं. हे योग्य नाही.

सरासरी आणखी एक गोष्ट लपवते. अर्ध्या वर्गाने ५ दिले आणि अर्ध्याने १, तरी सरासरी ३, आणि सगळ्यांनी ३ दिले तरी ३. पहिल्या वर्गात काहीतरी गंभीर घडतंय. कदाचित शिक्षक फक्त इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांशी बोलतात आणि मराठी शाळेतून आलेली मुलं मागच्या बाकांवर हरवतात. दुसऱ्या वर्गात तसं काही नाही. म्हणून सरासरी छापू नका. पाच, चार, तीन, दोन, एक देणारी किती मुलं, ते सरळ छापा.

आता मुख्य मुद्दा. मुलांचं समाधान आणि मुलांचं शिकणं यांचा संबंध किती? खूप वर्षं सगळ्यांची समजूत होती की बऱ्यापैकी आहे. २०१७ मध्ये उटल, व्हाइट आणि गोन्झालेझ यांनी या विषयावरच्या जुन्या अभ्यासांची आकडेमोड पुन्हा केली. पूर्वी दिसलेला संबंध मुख्यतः लहान नमुन्यांच्या अभ्यासांतून आलेला होता. मोठे नमुने बघितले तर तो जवळजवळ नाहीसा होतो, असं त्यांना आढळलं. त्याआधी २०१० मध्ये कॅरेल आणि वेस्ट यांनी अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीतली माहिती तपासली. तिथे विद्यार्थ्याला कोणता शिक्षक मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि सगळ्या तुकड्यांची परीक्षा एकच असते, त्यामुळे तुलना स्वच्छ होते. ज्या शिक्षकांच्या मुलांना त्या विषयात चांगले गुण मिळाले आणि ज्यांना फीडबॅकही चांगला मिळाला, त्यांची मुलं पुढच्या, त्यावर आधारलेल्या विषयांत सरासरीने मागे पडली. अधिक अनुभवी शिक्षकांच्या बाबतीत उलटं झालं : तेव्हाचे गुण कमी, पुढची कामगिरी चांगली.

तुमच्या दोन शिक्षकांच्या संदर्भात मला तिसरा अभ्यास सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हार्वर्डमध्ये डेलोरिये आणि सहकाऱ्यांनी पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक अभ्यासक्रमातल्या मुलांचे दोन गट केले. एका गटाने सफाईदार व्याख्यान ऐकलं. दुसऱ्या गटाने तोच मजकूर स्वतः उदाहरणं सोडवत, आपसात बोलत शिकला. चाचणीत दुसरा गट पुढे होता. 'तुम्ही किती शिकलात?' असं विचारल्यावर मात्र आपण जास्त शिकलो असं पहिल्या गटाला वाटत होतं. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. डोक्याला ताण पडला की मुलाला वाटतं आपल्याला कळत नाहीये. सगळं सरळ ऐकू आलं की वाटतं कळलं.

आपल्याकडे या सफाईदार व्याख्यानाची जागा नोट्सनी घेतली आहे. संगमेश्वरच्या किंवा कणकवलीच्या आतल्या गावातून पहाटेची एसटी पकडून येणारं मूल, ज्याची बारावी मराठीतून झाली आणि ज्याच्या पुढ्यात आता इंग्रजी पुस्तक आहे, त्याला नोट्स म्हणजे खात्रीची गोष्ट. वहीत आलं, पाठ केलं, पेपरात लिहिलं. त्या मुलाला मी दोष देणार नाही. नोट्स देणारे सगळे शिक्षक आळशी असतात असंही नाही, पुष्कळजण कळकळीनेच देतात. पण '४.६' मध्ये या खात्रीबद्दलची कृतज्ञता किती आणि शिकणं किती, हे फॉर्म सांगू शकत नाही. तुमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम विचारतात, तिवराची (खारफुटीच्या झाडाची) मुळं चिखलातून वर का येतात? उत्तर सांगत नाहीत, मुलांना चिखलात उभं करून विचार करायला लावतात. त्या चिखलात हवा नसते, हे स्वतःच्या डोक्यातून काढणाऱ्या मुलाला ते आयुष्यभर लक्षात राहील. त्या दिवशी मात्र ते कंटाळलेलंही असू शकतं.

फीडबॅकमध्ये पूर्वग्रह मिसळतात, हेही लक्षात ठेवा. २०१५ मध्ये मॅकनेल आणि सहकाऱ्यांनी ऑनलाइन वर्गात शिक्षकाचं नाव कधी पुरुषाचं, कधी बाईचं दाखवलं. शिकवणारी व्यक्ती तीच असूनही पुरुषाच्या नावाला जास्त गुण मिळाले. आपल्याकडच्या फॉर्मांत तरुण शिक्षिकांच्या आवाजावर, साडी-ड्रेसवर शेरे मी वाचले आहेत. पुरुष सहकाऱ्यांबद्दल तसले शेरे क्वचितच असतात. असे शेरे शिक्षिकेपर्यंत जाण्याआधी समन्वयकाने काढून टाकावेत. त्यातून शिकण्यासारखं काही नसतं, आणि चांगला शिक्षक मनाने खचतो. २०१८ मध्ये टोरोंटोच्या रायरसन विद्यापीठाच्या वादात लवादाने निर्णय दिला की बढतीसाठी किंवा नोकरी कायम करण्यासाठी शिकवण्याचा दर्जा मोजायला विद्यार्थ्यांचे हे गुण वापरू नयेत. संस्थेच्या बैठकीत हा दाखला उपयोगी पडेल.

मग मुलांना विचारायचंच नाही का? विचारायचं, आणि नीट विचारायचं. 'शिक्षक विषयात पारंगत आहेत का?' हा प्रश्न काढून टाका. विषय शिकत असलेल्या मुलाला त्याचं उत्तर देता येणं शक्य नाही. 'एकूण शिकवण्याला किती गुण द्याल?' हाही काढा. त्याऐवजी मुलांनी स्वतः पाहिलेल्या गोष्टी विचारा. तास ठरलेल्या वेळी सुरू होतो का? तपासलेली अंतर्गत चाचणीची उत्तरपत्रिका परत मिळाली का आणि किती दिवसांनी? तिच्यावर गुणांखेरीज काही लिहिलेलं होतं का? कळलं नाही तर वर्गात विचारायला भीती वाटते का? गेल्या महिन्यात वर्गात स्वतः एखादं उदाहरण सोडवलंत का? आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाचा प्रश्न : या विषयातली एखादी गोष्ट घरच्यांना, पुस्तक न उघडता, तुमच्या बोलीत समजावून सांगू शकाल का? हो म्हणणाऱ्याला एक उदाहरण लिहायला सांगा. मालवणीत लिहिलेलं चार ओळींचं स्पष्टीकरण पुष्कळ काही सांगून जातं.

हे भरून घ्यायची पद्धतही बदला. परीक्षेच्या फॉर्मसोबत सक्तीने घेतलेल्या फीडबॅकमध्ये पोरं एका सरळ रांगेत टिक करत जातात. शेवटच्या दोन आठवड्यांत, अंतर्गत गुण कळण्याआधी, वर्गातच दहा मिनिटं द्या. शिक्षक बाहेर, दुसऱ्या विभागाचं कोणीतरी आत.

याहून महत्त्वाची आहे सत्राच्या मधली चिठ्ठी. पहिल्या सत्रात ती गणपतीच्या सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात घ्यावी. कोऱ्या कागदावर दोनच गोष्टी : काय चालू ठेवावं, काय बदलावं. या चिठ्ठ्या फक्त त्या शिक्षकाने वाचायच्या. प्राचार्यांकडे जायच्या नाहीत, फाईलला लागायच्या नाहीत. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला शिक्षकाने वर्गात सांगायचं की तुम्ही हे-हे म्हणालात, त्यातलं हे मी बदलतो आणि हे बदलणार नाही, कारण असं. सत्राच्या शेवटी आलेल्या फॉर्मचा उपयोग पुढच्या मुलांना होतो. या चिठ्ठीचा उपयोग समोर बसलेल्या मुलांना होतो, म्हणून ती मुलं मनापासून लिहितात. सुधारणेसाठीची माहिती आणि निवाड्यासाठीची माहिती या दोन पेट्या कधी एकत्र करू नका. चिठ्ठी निवाड्याला वापरली जाते असं एकदा कळलं, की शिक्षक ती घेणंच थांबवतात.

आता शिकणं मोजण्याबद्दल. इथे पहिला मोह होतो तो निकालाचा : 'आमच्या विषयाचा निकाल ९५ टक्के.' कोकणात तर हा आकडा फारच फसवा. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. बारावीनंतर त्यातली बरीच मुलं मुंबई-पुण्याला जातात, काही इथेच राहतात. एखाद्या वर्षी चांगली बॅच आली की निकाल वर जातो, मग शिकवणारा कोणीही असो. निकाल सांगतो मूल कुठे पोचलं. ते कुठून निघालं हे कळल्याशिवाय शिक्षकाचा वाटा कळत नाही.

म्हणून पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याच दहा-बारा प्रश्नांची, गुण न धरलेली चाचणी. प्रश्न पाठांतराचे नसावेत, विषयाच्या मुळाशी असलेल्या गैरसमजांना हात घालणारे असावेत. पदार्थविज्ञानात १९९२ मध्ये हेस्टेनीस आणि सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनेवर अशी प्रश्नावली तयार केली. नारळ सरळ वर फेकला, सगळ्यात उंच जाऊन क्षणभर थांबला. त्या क्षणी त्याच्यावर बल किती? (हवेचा रोध सोडून द्या.) न्यूटनचे नियम घडाघडा म्हणणारी मुलं 'शून्य' लिहितात. गुरुत्वाकर्षण त्या क्षणीही तेवढंच असतं. मी शिकवायचो त्या वर्गांत हे नेहमी दिसायचं. वाणिज्य शाखेत असा प्रश्न तुमच्याच किनाऱ्यावर मिळेल : मच्छीमाराने बोटीसाठी ५ लाखांचं नवं इंजिन रोखीने घेतलं, तर त्या वर्षाच्या नफ्यातून ५ लाख वजा होतील का? घसाऱ्याच्या नोंदी अचूक करणारी कितीतरी मुलं 'हो' म्हणतात, कारण नोंद पाठ झालेली असते, घसारा कशासाठी ते कळलेलं नसतं.

गुण कसे वाचायचे? एका वर्गाची सरासरी ४० वरून ७० वर गेली आणि दुसऱ्याची ७० वरून ८२ वर. पहिल्याची वाढ ३०, दुसऱ्याची १२. पण दुसऱ्या वर्गाला वाढायला जागाच ३० गुणांची होती. म्हणून प्रत्यक्ष वाढीला शक्य वाढीने भागायचं : पहिल्याचे ३० भागिले ६० म्हणजे ०.५, दुसऱ्याचे १२ भागिले ३० म्हणजे ०.४. आता फरक तेवढा मोठा राहत नाही. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर हे गणित केलं. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत वाढ सरासरी ०.२३ निघाली. मुलांना वर्गात कामाला लावणाऱ्या वर्गांत ०.४८. आपली तुलना हार्वर्डशी किंवा या आकड्यांशी करायची गरज नाही. त्याच शिक्षकाची गेल्या वर्षीशी केली तरी पुरे.

काही खबरदारी. दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्या मुलांचेच गुण धरा. कच्ची मुलं मध्येच गळाली तर उरलेल्यांची सरासरी आपोआप वाढते, आणि ते शिकवण्याचं श्रेय नसतं. किती गळाली, तो आकडा शेजारी लिहा. पहिल्या वर्षाचे प्रवेश उशिरापर्यंत चालतात, तिथे पूर्वचाचणी प्रवेश स्थिरावल्यावरच घ्या. प्रश्नपत्रिका मुलांकडून परत घ्या, चाचणी दुसऱ्या विभागाच्या शिक्षकाने घ्यावी, आणि या आकड्यावर पगार-नेमणूक बांधू नका. बांधलीत तर दोन वर्षांत सगळे त्या दहा प्रश्नांपुरतंच शिकवू लागतील.

पुढच्या वर्गातली कामगिरी हे दुसरं चांगलं माप आहे आणि लहान महाविद्यालयात ते जवळजवळ फुकट मिळतं. दुसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्यांना विचारा : गेल्या वर्षीच्या कोणत्या गोष्टी पुन्हा पहिल्यापासून शिकवाव्या लागल्या? एका वर्षाच्या उत्तरावर जाऊ नका. तीन वर्षं तेच उत्तर आलं, तर तिथे बघायला हवं.

हजेरी मात्र शिकवण्याचं माप म्हणून धरू नका. जुलैत पूर येऊन एसटी बंद, मग गणपती, १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली की हर्णै-मिरकरवाड्याकडची काही मुलं बोटीवर, दुसऱ्या सत्राच्या शेवटी आंबा. यात शिक्षकाचा काय दोष? बघायचंच असेल तर एकाच दिवशी, एकाच वर्गाची, लागून असलेल्या दोन तासांची हजेरी बघा. अकराच्या तासाला ६० मुलं आणि बाराच्या तासाला २५, असं नेहमी होत असेल तर कारण एसटी नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी शिकवण्याची जी श्रेणी आहे, ती नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले यावर ठरते : ८० टक्के किंवा जास्त म्हणजे चांगलं, ७० ते ८० समाधानकारक, त्याखाली असमाधानकारक. एवढं तर व्हायलाच हवं. पण त्यातून तास झाला एवढंच कळतं, तासात काय झालं ते नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचं विद्यार्थी समाधान सर्वेक्षणही संस्था समजून घेण्यासाठी आहे. त्यातून एकेका शिक्षकाचा आकडा काढू नये.

राहिले सहकारी. तासाला येऊन बसणारा सहकारी हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित साक्षीदार आहे. दुर्लक्षित राहण्याचं कारणही आहे : एका विभागात तीन माणसं, त्यातले दोघे जिवलग किंवा दोघांचं बोलणं बंद. म्हणून निरीक्षक शेजारच्या महाविद्यालयातून आणा आणि तुमचे शिक्षक तिकडे पाठवा. सावंतवाडी-कुडाळ, चिपळूण-देवरुख अशा जोड्या सहज जमतात, आणि जाण्यायेण्याच्या भाड्यापलीकडे खर्च नसतो. तास घेण्याआधी शिक्षकाने निरीक्षकाला सांगायचं की आज मुलांना काय जमायला हवं. निरीक्षकाने गुण द्यायचे नाहीत, दर दोन मिनिटांनी नोंद करायची : शिक्षक बोलताहेत, मुलं उतरवून घेताहेत, मुलं आपसात सोडवताहेत, मुलाने प्रश्न विचारला, शांतता. २०१३ मध्ये विज्ञानाच्या वर्गांसाठी अशी दोन-दोन मिनिटांची नोंदपद्धती प्रसिद्ध झाली आणि ती आपल्याकडच्या वर्गालाही बसते. तासानंतर दोघांनी तो कागद समोर ठेवून बोलायचं. पन्नास मिनिटांपैकी चव्वेचाळीस आपणच बोलत होतो, हे नोंदीवरून दिसलं की उपदेशाची गरज उरत नाही. एका भेटीवरून मत बनवू नका, सत्रात दोन तरी व्हाव्यात.

त्याच निरीक्षकाला शिक्षकाची कागदपत्रंही दाखवा : अंतर्गत चाचणीच्या प्रश्नपत्रिका, तपासलेल्या तीन उत्तरपत्रिका (चांगली, मधली, कच्ची), प्रॅक्टिकलची जर्नलं. 'व्याख्या लिहा, फरक लिहा, टीपा लिहा' एवढंच विचारणारी प्रश्नपत्रिका आणि 'सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) पावसाळ्यात गालिच्यासारखी फुलं येतात, मोठी झाडं का वाढत नाहीत?' असं विचारणारी प्रश्नपत्रिका, या दोन वर्गांत काय चालतं ते जाणकाराला पाच मिनिटांत कळतं. मला स्वतःला एकच कागद मागायची परवानगी असती, तर मी कच्च्या मुलाची तपासलेली उत्तरपत्रिका मागितली असती. तिच्यावर शिक्षकाने काय लिहिलं आहे ते वाचून त्या शिक्षकाबद्दल फॉर्मपेक्षा जास्त कळतं.

हे सगळं जमवून शेवटी पुन्हा एक आकडा काढायचा का? संस्था मागेल. देऊ नका. प्रत्येक शिक्षकाचं एक पान करा. त्यावर मुलांनी पाहिलेल्या गोष्टी, चाचणीतली वाढ, निरीक्षकाची नोंद आणि शिक्षकाचं स्वतःचं म्हणणं असावं. आणि एक नियम ठरावात घालून घ्या : प्रतिकूल निर्णय घ्यायचा असेल तर किमान दोन वेगळ्या ठिकाणांहून, किमान दोन सत्रं, एकच तक्रार दिसली पाहिजे आणि त्यादरम्यान शिक्षकाला सुधारायची संधी व मदत मिळालेली असली पाहिजे. तासिका तत्त्वावरच्या माणसासाठी हा नियम जास्तच गरजेचा आहे. दर वर्षी नेमणुकीची वाट पाहणाऱ्या शिक्षकाला फॉर्मची भीती घातली की तो अंतर्गत गुण सैल देतो, नोट्स उतरवून देतो, अवघड प्रश्न विचारणं सोडून देतो. त्याला दोष देता येणार नाही, त्याच्या घरचा खर्च त्या नेमणुकीवर चालतो. नुकसान मुलांचं होतं.

मनुष्यबळ कमी असेल आणि यंदा एकच गोष्ट करता येणार असेल, तर प्रत्येक विभागाने एका विषयाची दहा प्रश्नांची पूर्वचाचणी सुरू करावी. निरीक्षकांची अदलाबदल पुढच्या सत्रात. फॉर्ममधले प्रश्न बदलायला मात्र वेळ लागत नाही, ते याच आठवड्यात बदला.

आता तुमच्या त्या दोघांबद्दल. वाणिज्यच्या सरांना ४.६ बद्दल सत्कार करू नका आणि त्यांच्यावर शंकाही घेऊ नका. त्यांच्या मुलांना इंजिनाचा तो प्रश्न द्या. उत्तरं चांगली आली तर नोट्सबद्दलचा माझा संशय त्यांच्या बाबतीत चुकीचा, आणि ते काय करतात ते इतरांनी शिकायला हवं. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमसाठी संस्थेच्या बैठकीआधी तीन गोष्टी करा. त्यांचे गेल्या दोन वर्षांचे फॉर्म एकत्र करून सरासरीऐवजी विभागणी काढा. शेजारच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकांना त्यांच्या एका तासाला आणि शक्य असेल तर खाडीवरच्या भेटीला बोलवा. आणि त्या नऊ मुलांना, एकेकाला, तिवराची एक फांदी हातात देऊन विचारा की हे झाड खाऱ्या पाण्यात कसं जगतं. मुलं जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि तो कागद संस्थेच्या सदस्यांसमोर ३.४ च्या शेजारी ठेवा.